लँडस्केप आर्किटेक्टचा पोर्टफोलिओ: आधी जमीन दाखवा, मग रेंडर

मावळतीचा सोनेरी उजेड, हिरवंगार लॉन, फुगे घेऊन पळणारी मुलं. अशा रेंडरनी, म्हणजे कॉम्प्युटरवर रंगवलेल्या चित्रांनी, सुरू होणारे पोर्टफोलिओ इतके येतात, की बघणारा पानं भराभर उलटू लागतो. त्याला शोधायचं असतं एकच: या माणसाला जमीन वाचता येते का? पोर्टफोलिओ त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून रचायचा.

सुरुवात निवडीपासून. कॉलेजचे स्टुडिओ प्रोजेक्ट, थिसिस, इंटर्नशिप, साइटवरचं काम सगळं एका फोल्डरमध्ये काढा आणि त्यातले चार-पाच ठेवा. निदान एक मोठ्या पातळीवरचं असावं, म्हणजे नाला, टेकडी किंवा नदीकाठ. एक सोसायटीच्या पोडियमचं, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेचं, एक छोटं अंगण किंवा गच्ची. सर्वांत भक्कम काम पहिलं, त्याखालोखालचं शेवटी. बांधून झालेलं काहीच हाताशी नसेल, तर एखादी सार्वजनिक बाग मोजून काढा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. तिथल्या एखाद्या पाऊलवाटेचा, पाण्याच्या काठाचा मोजून काढलेला सेक्शन, म्हणजे उभा छेद, हा काल्पनिक रिसॉर्टपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

मग प्रत्येक प्रोजेक्टचं पहिलं पान साइटला द्या. कंटूर (समान उंचीच्या रेषा), उतार, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, माती कसली. पुण्यात टेकडीवर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसॉल्ट. सखल भागात काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून साइटचे फोटो एकाच जागेवरून दोनदा काढा, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये. वेताळ टेकडीवर हे करून बघा. दोन वेगळ्या गावांचे फोटो वाटतील. तुमचं डिझाइन या दोन्ही महिन्यांत कसं दिसेल, हे सांगणारं पान फार थोड्या पोर्टफोलिओंत असतं.

सेक्शनवर कंजुषी नको. प्लॅन देखणा काढता येतो. खरी परीक्षा सेक्शनमध्ये होते. पोडियम गार्डन असेल तर स्लॅब, वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजचा थर आणि मातीची खोली आकड्यांसह दाखवा. लॉनला साधारण ३० सेंटिमीटर माती चालते, झाडाला मीटरभर तरी हवी. आणि ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. हे वजन तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोललात का, ते त्या एका सेक्शनवरून कळतं.

झाडांचं पान हा माझ्या मते पोर्टफोलिओचा कणा, आणि नेमकं तेच बहुतेक जण हिरव्या गोळ्यांवर भागवतात. यादीत शास्त्रीय नाव, मराठी नाव, लावतानाची उंची, पूर्ण वाढ, दोन झाडांतलं अंतर, पाण्याची गरज हे सगळं हवं. शिवाय वर्षाचं कॅलेंडर काढा: पळस आणि पांगारा उन्हाळ्याच्या तोंडावर, निष्पर्ण अवस्थेत फुलतात; बहावा एप्रिल-मेमध्ये. पार्किंगवर सावली हवी तिथे ऐन उन्हात पानं गाळणारं झाड का नको, हे दोन ओळींत लिहा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो निवडलात तर बिघडत नाही, पण का निवडला ते विचारणारच. जमलं तर एकच दृश्य लागवडीच्या दिवशी, पाच वर्षांनी आणि पंधरा वर्षांनी असं तीनदा काढा.

मांडणीत फार जीव अडकवू नका. आडवं ए३, वीस-पंचवीस पानं, एकच फॉन्ट, मजकूर थोडा. पीडीएफ लहान-मोठी झाली की १:२०० असं प्रमाण लिहिण्याला अर्थ उरत नाही, म्हणून प्रत्येक ड्रॉईंगवर स्केलची पट्टी आणि उत्तर दिशा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. फाइल १५ च्या आत आणा.

नोकरीसाठी असेल तर एक पान प्रत्यक्ष कामाच्या ड्रॉईंगचं घाला, लेव्हल आणि मापांसकट. एम. आर्क.च्या (आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर) प्रवेशासाठी असेल तर हातची स्केचेस आणि विचार कसा बदलत गेला ते जास्त. ऑफिसमध्ये केलेलं काम असेल तर तिथली परवानगी घ्या, क्लायंटचं नाव-पत्ता काढून टाका, आणि तुमचा वाटा नेमका लिहा: ‘प्लांटिंग प्लॅन आणि साइट व्हिजिट’. पूर्ण प्रोजेक्ट आपल्या नावावर खपवलेला मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडा पडतो. हे क्षेत्र पुण्यात लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.

पाठवण्याआधी दोन पानं छापून बघा. स्क्रीनवरचा फिका हिरवा कागदावर हमखास करडा येतो आणि बारीक कंटूर गायब होतात. आणि फाइलला ‘फायनल फायनल ३’ म्हणू नका. नाव, लँडस्केप, वर्ष एवढं पुरे.