एका अपघाताच्या दाव्यातून गणित, भौतिकशास्त्र आणि मराठी

अकरावी-बारावीला ‘लीगल स्टडीज’ शिकवू लागलो, त्या पहिल्या वर्षी इतर विषयांशी असलेला संबंध मी धड्याच्या शेवटी दोन वाक्यांत सांगून टाकत असे आणि मुले ती वाक्ये वहीत उतरवून विसरून जात. नव्याने शिकवणाऱ्यांनी असे प्रकरण निवडावे, ज्याचा निकाल दुसऱ्या विषयाच्या मदतीवाचून लागूच शकत नाही.

मी मोटार अपघाताचा एक काल्पनिक दावा घेतो. बत्तीस वर्षांचा, कायम नोकरीतला, महिना 30,000 रुपये मिळवणारा दुचाकीस्वार ट्रकच्या धडकेत दगावला. मागे पत्नी आणि दोन मुले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे उत्पन्नाच्या भावी वाढीचे 50 टक्के मिळवले की महिना 45,000, म्हणजे वर्षाला 5,40,000 रुपये होतात. 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करून उरलेल्या 3,60,000 ला त्या वयाचा 16 हा गुणक लावला की कुटुंबाच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई 57,60,000 रुपये येते. तोच माणूस स्वतःचा धंदा करणारा असता, तर वाढ 40 टक्केच धरली जाते आणि रक्कम 3,84,000 रुपयांनी घटते. ‘मग रिक्षावाल्याच्या पोरांना कमी का?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून आला, की तास आपसूक अर्थशास्त्राकडे वळतो. गृहिणीच्या कामाचे मोल कसे धरायचे, हे पुढे विचारले जातेच. त्यासाठी 2021 चा कीर्ती निकाल वाचून जावे.

चूक कोणाची, हे ठरवताना भौतिकशास्त्र लागते, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. इथे मी एकदा चांगलाच आपटलो. ताशी 80 किलोमीटर हा आकडा सेकंदाला मीटरमध्ये न बदलताच मी सूत्रात घातला आणि सेकंदाला 5 मीटर प्रति सेकंद इतके मंदन धरून ट्रक थांबायला 640 मीटर लागतील, असे फळ्यावर लिहून मोकळा झालो. खरे उत्तर सुमारे 49 मीटर. एका मुलीने ते दाखवून दिले. तेव्हापासून भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना आधी गणित दाखवतो.

प्रतिवादीचे लेखी उत्तर मात्र मी मराठीतच लिहून घेतो. त्याला न्यायालयात ‘कैफियत’ म्हणतात, हे कळल्यावर गाऱ्हाणे हाच अर्थ ठाऊक असलेली मुले चकित होतात.

हे सारे अकरावीत गतीची समीकरणे शिकवून झाल्यावरच घ्यावे. त्याआधी घेतल्यास निम्मे तास सूत्र समजावण्यातच जातात.