शैक्षणिक कर्ज घेताना या चुका टाळा: हप्ता नंतर, व्याज पहिल्या दिवसापासून

गेल्या वर्षी एका परिचित विद्यार्थ्याचे वडील कर्जाचा खातेउतारा घेऊन माझ्याकडे आले होते. मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण झाले होते, पहिला हप्ता पुढच्या महिन्यात होता आणि उताऱ्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते: "सहा लाख घेतले, मग आठ लाख दहा हजार कुठून आले?" बँकेने काहीही लपवले नव्हते, मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर सारे छापलेले होते. मात्र "शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत काही भरायचे नाही" हे वाक्य त्यांनी "तोपर्यंत व्याज नाही" असे ऐकले होते. शैक्षणिक कर्जातली सर्वांत महागडी चूक हीच आहे.

हिशेब सोपा आहे. चार वर्षांच्या प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले आणि व्याजदर 10 टक्के धरला, तर पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज चढते. सरळव्याजाने मोजले तरी ते 2 लाख 10 हजार होते आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते. मग दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे 10,700 रुपये बसतो. तेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेले, तर हप्ता सुमारे 7,900 रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी त्यासाठी महिन्याला 1,250 रुपये लागतात, दुसऱ्या वर्षी 2,500 आणि पुढे 5,000 पर्यंत. शेवटच्या वर्षांत हे प्रत्येक घराला जमेलच असे नाही, पण पहिल्या दोन वर्षांचे व्याज भरले तरी ओझे बरेच हलके होते. या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका व्याजदरात एक टक्का सवलत देतात. ती मागून घ्यावी लागते.

मोठ्या हप्त्याच्या भीतीने काही जण हप्ता लहान करण्यासाठी मुदत पंधरा वर्षांची करून घेतात. वरच्या उदाहरणात हप्ता सुमारे 8,700 रुपयांवर येतो खरा, पण एकूण भरणा 12 लाख 85 हजारांवरून 15 लाख 65 हजारांच्या पुढे जातो. सुरुवातीला मुदत लांब ठेवून पगार वाढल्यावर मुदतपूर्व परतफेड करणे हा मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण व्यक्तींनी व्यवसायाखेरीज इतर कामासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर त्यासाठी दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

दुसरी चूक बँकेची पायरी चढण्याआधीच होते. कर्ज किती घ्यायचे हे ठरवण्याआधी शुल्कात सवलत किती मिळणार हे कोणी पाहत नाही. महाराष्ट्रात 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे, आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत पात्र विद्यार्थ्यांचे निम्मे शुल्क शासन भरते. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. मनासारखी शाखा मिळावी म्हणून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणारे कुटुंब हा हक्क गमावते, आणि ते कळते महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरताना. शिवाय माफी मिळाली तरी वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके उरतातच. गावाहून पुण्याला आलेल्या मुलाच्या खर्चात हा भाग कधी कधी शुल्काइतकाच असतो, म्हणून कर्जाच्या अर्जात तो पहिल्या वर्षापासून दाखवावा.

उत्पन्नाच्या दाखल्याची हेळसांड ही तिसरी चूक. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी केंद्राच्या योजनेतून परतफेड सुरू होईपर्यंतचे पूर्ण व्याज अनुदान म्हणून मिळू शकते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांतील 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यांना ती मिळत नाही. तहसील कार्यालयाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीत मिळायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता तो काढून ठेवावा.

तारण नाही म्हणून 4 लाखांपर्यंतचे कर्ज नाकारले गेले, तर खचून परत फिरू नये. या रकमेपर्यंत तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नकार लेखी मागावा, शाखेकडे लेखी तक्रार द्यावी आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. हे शुल्क लागत नसलेले काम आहे, त्यासाठी एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

नोकरी लागली नाही आणि हप्त्याची तारीख जवळ आली, तर बहुतेक मुले बँकेचे फोन घेणे बंद करतात. त्यामागची लाज मी समजू शकतो, पण नुकसान त्याच गप्प राहण्याने होते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) वर्गात जाते आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुणांक, घसरतो. मग धाकट्या बहिणीचे कर्जही अडते. पहिल्या हप्त्याच्या महिनाभर आधी वडिलांसह शाखेत जावे, नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती सोबत न्याव्यात, हप्ता न भरण्याच्या सवलतीचा काळ वाढवण्याची विनंती लेखी द्यावी आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांनी हेच केले. त्यांना सहा महिने वाढवून मिळाले आणि त्या काळातले व्याज ते आता दर महिन्याला भरतात.