विंडोजवर लिबकर्ल बिल्ड करताय? या चुका टाळा

लिबकर्ल म्हणजे आपल्या प्रोग्राममधून सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण करून देणारी तयार लायब्ररी. तिच्यापायी दर दोन-तीन आठवड्यांनी मला मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा एक फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, "सर, कर्ल लिंक होत नाहीये, अर्जंट आहे." फोटोत व्हिज्युअल स्टुडिओच्या एरर लिस्टचा खालचा अर्धा भाग आणि चाळीस-पन्नास लाल ओळी दिसतात. पहिला एरर नेमका फोटोबाहेर राहिलेला असतो.

पहिली चूक तीच. एरर लिस्ट मिटवा आणि आउटपुट टॅब उघडा. वर जाऊन जो एरर सगळ्यात आधी आला तो शब्दन्‌शब्द वाचा. खालचे चाळीस बहुतेक वेळा त्याचीच पिलावळ असतात. आणि लायब्ररीला दोष देण्याआधी थोडं थांबा. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये 'कर्ल' या नावाने पहिली आवृत्ती आणली, २००० मध्ये लिबकर्ल आली, आणि तेव्हापासून ती अगणित यंत्रांवर चालते आहे. तुमच्या पहिल्याच बिल्डमध्ये तिच्यातला नवा दोष सापडण्याची शक्यता फार कमी आहे.

"पण कर्ल तर माझ्याकडे आहेच, कमांड प्रॉम्प्टमध्ये चालतं," असंही बरेच जण म्हणतात. २०१८ पासून विंडोज १० सोबत कर्ल.ईएक्सई येतं, ते खरं. पण तो चालवायचा प्रोग्राम आहे. त्यासोबत तुमच्या सी++ प्रोजेक्टला लागणाऱ्या हेडर फाइल आणि .लिब फाइल येत नाहीत, त्या वेगळ्या तयार कराव्या लागतात. व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हीएस कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही एकदा सांगून ठेवतो. इन्स्टॉलरमध्ये 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++' वर टिक केलेली नसेल, तर पुढचं काहीच चालणार नाही.

सीमेकच्या खिडकीतली घाई

लिबकर्लच्या सोर्सवरून व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट बनवून देतो तो सीमेक. त्याची ग्राफिकल खिडकी सोपी आहे. वर सोर्सचं फोल्डर, खाली बिल्डचं फोल्डर, मग कॉन्फिगर आणि जनरेट. दोन्ही ठिकाणी एकच फोल्डर देऊ नका. मी सोर्सच्या आत 'बिल्ड६४' नावाचं वेगळं फोल्डर करतो, ३२ बिटसाठी 'बिल्ड३२'. सगळं 'सी:\डेव्ह' अशा आखूड पत्त्यावर ठेवतो. डेस्कटॉपवर, वनड्राइव्हमध्ये किंवा मराठी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. कॉन्फिगर दाबल्यावर ज्या ओळी लाल दिसतात त्या चुका नसतात. ते नव्याने आलेले पर्याय असतात. ते नीट वाचून पुन्हा कॉन्फिगर दाबा. लाल रंग गेला की मग जनरेट.

इथे बहुतेकांना पहिला अडथळा येतो: ओपनएसएसएल सापडत नाही. ही एचटीटीपीएससाठी लागणारी एन्क्रिप्शनची लायब्ररी. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर लिबकर्ल ओपनएसएसएल शोधते, आणि साध्या विंडोज मशिनवर ते नसतं. मग घाईतला माणूस पर्यायांच्या यादीत 'कर्ल_एनेबल_एसएसएल' शोधतो, त्याची टिक काढतो आणि कॉन्फिगर हिरवं झालं म्हणून खूश होतो. बिल्डही होतो. दोन दिवसांनी प्रोग्राम पहिल्यांदा एचटीटीपीएस पत्त्यावर जातो तेव्हा एरर क्रमांक १ येतो, अनसपोर्टेड प्रोटोकॉल. मग तो पत्ता तपासतो, फायरवॉल तपासतो, नेटवर्कवाल्याला फोन लावतो. कुलूपच काढून टाकलंय हे तोवर तो विसरलेला असतो.

टिक काढायची नाही. 'कर्ल_यूझ_एसचॅनल' वर टिक करायची. एसचॅनल ही विंडोजची स्वतःची टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनची, यंत्रणा आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

तसाच दुसरा अडथळा लिबपीएसएलचा. नव्या आवृत्त्या तीही आपोआप मागतात आणि सापडली नाही तर कॉन्फिगर थांबतं. एखाद्या साइटने संपूर्ण '.को.इन' साठी कुकी लावू नये म्हणून अशा सामायिक डोमेनची यादी असते, ती तपासायचं काम या लायब्ररीचं. तुमच्या प्रोग्रामला कुकीशी घेणंदेणं नसेल तर 'कर्ल_यूझ_लिबपीएसएल' बंद केलं तरी चालेल. कुकी वापरत असाल तर ती लायब्ररी आणा.

पर्याय बदलूनही जुनंच वागणं दिसलं तर सीमेककॅश.टीएक्सटी फाइल उडवा. मी तर अख्खं बिल्ड फोल्डरच उडवतो. पाच मिनिटं जातात, पण संध्याकाळ वाचते.

व्हिज्युअल स्टुडिओत 'इन्स्टॉल' प्रोजेक्ट बिल्ड केल्यावर एमएसबी३०७३ आला, तर बहुधा तो प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न करतोय आणि तुमच्याकडे ॲडमिनचे अधिकार नाहीत. 'सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स' मध्ये स्वतःचं फोल्डर द्या.

दोन्हीकडे 'एमटी', तरीही क्रॅश

ही चूक मी स्वतःच्या कामात भोगली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये सी/सी++, कोड जनरेशन आणि त्यात रनटाइम लायब्ररी असा एक पर्याय आहे. रनटाइम म्हणजे फाइल उघडणं, मेमरी घेणं अशी मूळ कामं करणारी लायब्ररी. एमडी म्हणजे सी ची रनटाइम बाहेरच्या डीएलएलमधून, म्हणजे चालवताना जोडल्या जाणाऱ्या वेगळ्या फाइलमधून घ्यायची, एमटी म्हणजे ती आतच शिवून टाकायची. मागे 'डी' लागला की डीबगची आवृत्ती. तुमचा प्रोग्राम एमडी आणि स्टॅटिक (प्रोग्राममध्येच मुरणारी) लिबकर्ल एमटी असेल तर लिंकर सहसा एलएनके४०९८ चा इशारा देतो आणि कुठली रनटाइम भांडतेय तेही लिहून देतो. तिथे काही गूढ नाही, दोन्ही एकसारखे करा. पण लिबकर्ल डीएलएल म्हणून वापरत असाल तर लिंकर एक शब्द बोलत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही प्रोग्राम केला होता. उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, पावती छापायची आणि आकडा सर्व्हरला पाठवायचा. पहाटे दिवसाची तोडणी यादी सर्व्हरवरून फाइलमध्ये उतरवायची. प्रोग्राम आणि लिबकर्लची डीएलएल, दोन्ही एमडी. हंगाम सुरू झाल्यावर काट्यावरचा जुना पीसी बसला. नवा पीसी लावला तर 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही' असा निरोप. औषध साधं होतं: व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाकायचं. पण ॲडमिन पासवर्ड असलेला माणूस सकाळी येणार होता आणि गाडीतळावर ट्रॅक्टरची रांग लागलेली. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने लॅपटॉपवर प्रोग्राम आणि लिबकर्ल दोन्ही एमटी करून बिल्ड मारला आणि फाइल बदलल्या. प्रोग्राम उघडला, वजनं जायला लागली. रात्री अकराला त्याचा फोन आला, "दादा, झालं."

पहाटे चारला परत फोन. यादी उतरवताना प्रोग्राम धाडकन बंद पडत होता. पुन्हा उघडला की वजनं व्यवस्थित जायची, यादी मागितली की बंद. आम्ही सर्व्हर तपासला, यादीतली नावं तपासली, डिस्क तपासली. दुसऱ्या रात्रीही तेच. मुलगा पुनःपुन्हा सांगत होता, "दादा, दोन्हीकडे एमटीच आहे, मी तीनदा पाहिलं." तो खरंच बोलत होता.

घोळ असा होता. यादी उतरवताना आम्ही प्रोग्राममध्ये एफओपन करून मिळालेला फाइल पॉइंटर 'कर्लऑप्ट_राइटडेटा' मधून सरळ लिबकर्लला देत होतो, आणि लिहिण्याचं काम तिच्यावर सोडलं होतं. दोन्ही एमडी होते तोवर रनटाइम एकच, दोघांची सामायिक. दोन्ही एमटी केल्यावर प्रोग्रामच्या पोटात एक रनटाइम आणि डीएलएलच्या पोटात दुसरी. सेटिंग सारखं, पण प्रती दोन. एका बँकेत घेतलेलं टोकन दुसऱ्या बँकेच्या खिडकीवर दाखवल्यासारखं झालं. वजनं पाठवताना फाइल पॉइंटर मधे येतच नव्हता, म्हणून ती सुखरूप जात होती.

लिबकर्लच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: विंडोजवर डीएलएल वापरत असाल आणि राइटडेटा देत असाल, तर स्वतःचं 'राइटफंक्शन' दिलंच पाहिजे, नाहीतर क्रॅश होऊ शकतो. आम्ही ते वाचलं नव्हतं. आता मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये चार ओळींचं राइटफंक्शन आधी लिहितो. त्यात एफराइट आपल्याच बाजूला होतं. आलेले सगळे बाइट लिहिले की तोच आकडा परत करायचा. वेगळा आकडा परत केलात तर लिबकर्ल व्यवहार तोडते आणि एरर २३ देते. हे फंक्शन लिहिल्यावर एमडी असो वा एमटी, तो क्रॅश पुन्हा दिसला नाही.

त्या मुलावर मी तेव्हा चिडलो होतो, ते चुकलंच. रांग लागलेली असताना त्याने काम सुरू केलं. कच्चा कोड मुळात माझा होता.

सर्टिफिकेट तपासणी बंद करणारे

एरर ६०, म्हणजे सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासणीत टिकलं नाही, असा आला की बहुतेकांना कुठूनतरी एक ओळ सापडते: 'कर्लऑप्ट_एसएसएल_व्हेरिफायपीअर' ला शून्य द्या. एरर जातो, काम पुढे सरकतं, आणि ती ओळ कायमची कोडमध्ये राहते. एका ठिकाणी जुना कोड तपासताना मला ती सापडली. त्याच जोडणीतून ग्राहकांचे पासवर्ड जात होते. समोरचा सर्व्हर खरा आहे की मधे कोणी बसलंय, हे विचारायचंच नाही असं त्या ओळीने ठरवलेलं होतं. वाय-फायवर बसलेला कोणीही ते वाचू शकला असता.

एरर ६० विंडोजवर का येतो, ते आधी समजून घ्या. ओपनएसएसएलवर बिल्ड केलेल्या लिबकर्लला विश्वासू सर्टिफिकेटांची फाइल द्यावी लागते. विंडोजचा सर्टिफिकेट साठा ती आपणहून पाहत नाही. एसचॅनलवर बिल्ड केली तर ती थेट विंडोजचाच साठा वापरते. कंपनीच्या प्रॉक्सीचं सर्टिफिकेट आयटीवाल्यांनी त्या साठ्यात टाकलेलं असेल तर तेही चालतं. ओपनएसएसएलच हवं असेल तर सर्टिफिकेटांची फाइल प्रोग्रामसोबत द्या आणि 'कर्लऑप्ट_सीएइन्फो' मध्ये तिचा पत्ता द्या. तपासणी बंद करणं हा उपाय नाही. माझ्या हाताखाली कोणी ती ओळ "सध्यापुरती" म्हणून टाकली, तर मी तो कोड पुढे जाऊ देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एलएनके२०१९ आणि नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोअर व 'इम्प' दिसलं, तर लायब्ररी स्टॅटिक आहे आणि तुमचा कोड डीएलएल समजून चाललाय. प्रीप्रोसेसर डेफिनिशन्समध्ये 'कर्ल_स्टॅटिकलिब' टाका. डीबग आणि रिलीज दोन्ही कॉन्फिगरेशनमध्ये टाका, एकातच टाकून फोटो पाठवू नका.

ते केल्यावरही नावं अनरिझॉल्व्ड येत असतील तर ती वाचा. सॉकेटची असतील तर डब्ल्यूएस२_३२.लिब, सर्टिफिकेटची असतील तर क्रिप्ट३२.लिब, एलडॅपची असतील तर डब्ल्यूएलडॅप३२.लिब. बीक्रिप्ट.लिब आणि ॲडव्हएपीआय३२.लिबही सहसा लागतात. लिंकर, इनपुट, ॲडिशनल डिपेन्डन्सीज.

एलएनके१११२ म्हणजे ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ. चालवताना ०एक्ससी००००००७बी आला तर तीच सरमिसळ, फक्त डीएलएलच्या बाबतीत.

'लिबकर्ल_इम्प.लिब' ही डीएलएलची चिठ्ठी आहे, स्टॅटिक लायब्ररी नव्हे. नावात '-डी' असेल तर ती डीबगची. ती ग्राहकाकडे पाठवायची नाही.

'सॉकॲडर' पुन्हा डिफाइन झाल्याचा सी२०११ आला तर तुम्ही विंडोज.एच आधी आणि विनसॉक२.एच नंतर घेतलंय. क्रम उलटा करा. मी 'विन३२_लीन_अँड_मीन' प्रोजेक्ट पातळीवरच टाकतो.

मिनजीडब्ल्यू या वेगळ्या कंपायलरवर चालणाऱ्या कोड::ब्लॉक्समध्ये व्हिज्युअल स्टुडिओची स्टॅटिक .लिब जोडू नका. ज्या कंपायलरने प्रोग्राम, त्याच कंपायलरने लायब्ररी.

स्वतःच्या प्रोजेक्टला हात लावण्याआधी मी नेहमी पाच ओळींचा रिकामा प्रोजेक्ट करतो. त्यात फक्त 'कर्ल_व्हर्जन' छापतो. ओळीत एसचॅनल किंवा ओपनएसएसएल दिसलं की मगच पुढे.

आणि ज्यांना हे सगळं हाताने करायचंच नाही, त्यांच्यासाठी व्हीसीपीकेजी हे लायब्ररी आणून देणारं साधन आहे. एक कमांड, आणि लायब्ररी तयार. मी त्याच्या विरोधात नाही, घाईच्या कामात मीही वापरतो. पण त्यातही आधी निवड करावी लागते. 'एक्स६४-विंडोज' म्हणजे डीएलएल आणि एमडी. 'एक्स६४-विंडोज-स्टॅटिक' म्हणजे स्टॅटिक लायब्ररी आणि रनटाइमही एमटी. 'एक्स६४-विंडोज-स्टॅटिक-एमडी' म्हणजे स्टॅटिक लायब्ररी, पण रनटाइम एमडी. मधलं निवडून प्रोजेक्ट एमडीवरच ठेवलात, तर लिंकरची तीच रनटाइमची तक्रार ठरलेली.