कुत्र्याचं वजन उतरत नाहीये? या चुका टाळा

"खात्यापित्या घरचा दिसतोय!" आमच्या ब्रूनोला बघून पाहुणे म्हणायचे आणि आमच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पाच वर्षांचा लॅब्रडॉर, ३७ किलो. एकदा गाडीत चढताना त्याने पुढचे दोन पाय सीटवर टेकवले आणि तो तसाच थांबला. मागचं अंग काही उचलेना. मान वळवून तो माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या छातीवर नीट हात फिरवला. एकही बरगडी हाताला लागली नाही.

त्याला ३० किलोवर आणायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत आमच्या ज्या चुका एकेक करून उघड्या पडल्या, त्या इथे लिहितेय. बहुतेक घरांत याच होत असतात.

नुसतं डोळ्यांनी बघणं

रोज समोर असलेलं कुत्रं जाड होताना दिसत नाही. केसाळ असेल तर बघायलाच नको. म्हणून हात वापरा. तुमची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या हाडांवरून फिरवा. बरगड्या अशा टोकदार लागल्या तर कुत्रं रोड आहे. आता मूठ उघडून तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडं चाचपा. न दाबता, पातळ थराखाली लागतात ना? बरगड्या तशाच लागायला हव्यात. तळहाताच्या बाजूने चाचपताना लागतं तसं गुबगुबीत लागलं, तर चरबी जास्त आहे. शिवाय वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहिल्यावर पोट मागच्या पायांकडे वर चढलेलं दिसावं.

पशुवैद्य याच तपासणीवरून १ ते ९ असे गुण देतात. बहुतेक कुत्र्यांसाठी ४ ते ५ उत्तम. त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन. म्हणजे ७ गुण मिळालेल्या ३६ किलोच्या कुत्र्याचं योग्य वजन ३० किलोच्या आसपास असतं. जातीनुसार छापलेल्या तक्त्यापेक्षा मला हा हिशेब कितीतरी भरवशाचा वाटतो.

"थोडासा गुटगुटीत आहे, त्याने काय बिघडतं?" असं वाटत असेल तर एक अभ्यास जरूर लक्षात ठेवा. लॅब्रडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, तेही आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. आणि ती भरपूर खाणारी कुत्री काही अगडबंब नव्हती. त्यांचे सरासरी गुण ६ ते ७ च्या मध्ये होते, म्हणजे आपण ज्याला कौतुकाने गुटगुटीत म्हणतो तेवढेच.

वाटीने मोजणं

आमच्याकडे एक स्टीलची वाटी होती. मी सपाट भरायचे, मुलगा शीग लावून भरायचा. फरक किती, ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं तेव्हा कळलं: एका वेळी ३५ ग्रॅम! दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे ग्रॅममध्येच मोजा, दुसरा उपाय नाही.

खाण्याच्या पिशवीवरचा तक्ता फक्त सुरुवातीसाठी असतो, आणि तोही लोक चुकीचा वाचतात. वजन उतरवायचं असेल तर आजच्या वजनासमोरचा आकडा उपयोगाचा नाही. हिशेब योग्य वजनावरून करायचा. कॅल्क्युलेटर घ्या: ३० ला ३० ने दोनदा गुणा (२७,०००), वर्गमूळ दोनदा काढा (सुमारे १२.८), त्याला ७० ने गुणा. आले साधारण ९०० कॅलरी. ३० किलोच्या कुत्र्याची ही विश्रांतीतली रोजची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला सहसा याच्या १.६ पट लागतं, पण वजन उतरवताना सुरुवात या मूळ आकड्याच्या आसपास करतात. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी लिहिल्या असतील तर ९०० कॅलरी म्हणजे दिवसभराचे २५० ग्रॅम. कुत्र्याकुत्र्यात फरक असतो, तेव्हा तुमचा आकडा पशुवैद्यांना दाखवून पक्का करून घ्या.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि उष्मांकाची गरज कमी होते. वाटी मात्र तीच राहते. ब्रूनोचं वजन तिथूनच चढायला लागलं होतं.

"एकच दिलंय" चा हिशेब न ठेवणं

सकाळी आजोबा एक बिस्किट देतात, दुपारी मी, शाळेतून आल्यावर मुलगा, रात्री नवरा. प्रत्येकाने एकच दिलेलं असतं. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ब्रूनोसाठी तो ९० होता. गोळी लपवायला वापरलेला २० ग्रॅम चीजचा तुकडाच ८० च्या घरात जातो. लहान चणीच्या कुत्र्यांचं तर आणखी अवघड. पाच किलोच्या कुत्र्याचं वजन उतरवायचं असेल तर खाऊला जेमतेम २३ कॅलरी उरतात.

आम्हाला कामी आलेला उपाय अगदी साधा. सकाळी दिवसभराचे दाणे मोजून एका डब्यात काढायचे. ज्याला लाड करायचेत त्याने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा संपला की दिवस संपला. कुत्र्याला तुकड्याचा आकार कळत नाही, किती वेळा मिळालं ते कळतं, म्हणून खाऊ नखाएवढा करा. गाजर, काकडी चालते. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही अजिबात नको. 'शुगर फ्री' पदार्थांच्या वेष्टनावर हे नाव आवर्जून शोधा.

केविलवाण्या डोळ्यांबद्दल एक सांगायला हवं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रडॉरमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री खाण्याच्या जास्त मागे असतात. ती नाटक करत नाहीत, त्यांना खरंच भूक लागते. म्हणून त्यांना रागवू नका. तेवढंच खाणं तीन वेळांत वाटा, दाणे कोड्याच्या खेळण्यात भरा किंवा गवतात विखरून शोधायला लावा. दोन मिनिटांत फस्त होणारं जेवण वीस मिनिटं चालतं.

फक्त फिरवून वजन उतरेल असं समजणं

ढोबळ हिशेबाने चालताना कुत्र्याच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. ३० किलोचं कुत्रं तीन किलोमीटर चाललं तर ९० कॅलरी. म्हणजे तोच एक चीजचा तुकडा! फिरणं स्नायूंसाठी, सांध्यांसाठी, मनासाठी हवंच, पण वजन भांड्यातूनच उतरतं. आणि आठवडाभर घरात बसवून रविवारी दमेपर्यंत पळवू नका. उन्हात, विशेषतः चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, व्यायाम जिवावर बेतू शकतो.

घाई

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरणं पुरेसं. आधीचंच खाणं एकदम निम्मं केलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात, आणि चरबीऐवजी स्नायू झडतात. बरंच वजन उतरवायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं खाणं पशुवैद्यांकडून लिहून घ्या. दर दोन आठवड्यांनी एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा.

सगळं करूनही काटा हलत नसेल तर

आधी घरात चौकशी करा. आमच्याकडे चौथ्या महिन्यात वजन अडलं, तेव्हा कळलं की ब्रूनो मांजरीचं भांडं चाटूनपुसून साफ करत होता. ते उंचावर ठेवलं. गळती सापडली नाही तर खाणं साधारण १० टक्क्यांनी कमी करून पुन्हा दोन आठवडे बघा.

तरीही फरक नाही? मग तपासणी हवी. सुस्ती, केस विरळ होणं, थंडी सहन न होणं यामागे थायरॉइड असू शकतं. भरमसाट पाणी पिणं, सारखी लघवी आणि लोंबतं पोट असेल तर कुशिंग आजाराची (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याची) शंका घेतात. स्टेरॉइड आणि फिट्सवरच्या काही औषधांनीही भूक वाढते. बरगड्या दिसताहेत आणि पोट मात्र मोठं, तर ती चरबी नसून पोटात साठलेलं पाणी असू शकतं. पोट अचानक फुगलं आणि कोरड्या ओकाऱ्या येत असतील तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

काही प्रयत्न न करता वजन घटत असेल तर तेही दाखवा. म्हाताऱ्या कुत्र्यांत काटा तोच राहून मांड्या बारीक होतात आणि पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. ब्रूनो आता नऊ वर्षांचा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचं वजन करते, आणि त्याच वेळी बरगड्यांबरोबर मांड्याही चाचपून बघते.