ओट्याखालचे वॉशिंग मशीन कपाटाच्या दारांआड

बेळगावातील शहापूरच्या आमच्या घरात न्हाणीघर लहान असल्याने, समोरून कपडे घालायचे वॉशिंग मशीन स्वयंपाकघरातील ओट्याखाली, कपाटाच्या दारांआड ठेवायचे आम्ही ठरवले. मशीन ६० सेंटीमीटर रुंद व ८५ सेंटीमीटर उंच होते, आणि ओट्याखाली तेवढी जागा होती.

अडचण आली ती खोलीची. मशीनच्या नेमका मागे नळ असल्याने ते भिंतीपर्यंत सरकेना आणि दारे मिटेनात. नळ व सॉकेट शेजारच्या कप्प्यात हलवल्यावर मागे आठ सेंटीमीटर जागा उरली, जी नळ्या न दबता वळण्यास पुरते. साध्या बिजागऱ्यांमुळे कपाटाचे दार काटकोनातच थांबून मशीनच्या दारावर आदळत असे. म्हणून सुताराकडून १६५ अंशांपर्यंत उघडणाऱ्या बिजागऱ्या बसवून घेतल्या.

आमच्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात दमट हवा कोंडली की बुरशी धरते, याची मला फार काळजी होती. त्यामुळे मरीन प्लाय वापरले, दारांना खाली जाळी ठेवली, आणि मशीन चालू असताना व त्यानंतरही तासभर दारे आम्ही उघडीच ठेवतो. पाणसळ लावून मशीनचे पाय समतल केले व दोन्ही बाजूंना दोन सेंटीमीटर मोकळे सोडले, म्हणून कपडे पिळताना फळ्या थरथरत नाहीत.