शेजारच्या खुर्चीत सिनियर नसतो: वेबसाइटवाल्यांनो, या चुका टाळा

इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याची वेबसाइट मी नव्या होस्टिंगवर हलवली, तो शनिवार होता. दोन तासांत साइट उभी राहिली, आधीपेक्षा वेगाने उघडायलाही लागली. मी निवांत मिसळ खायला गेलो. सोमवारी सकाळी फोन आला. "अहो, शनिवारपासून एक मेल नाही आमच्याकडे. पार्टी म्हणते दोनदा ऑर्डर पाठवली, दोन्ही वेळा परत आली. तुम्ही नक्की काय केलंत?"

केलं होतं ते एवढंच. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे पत्ते सांगणारे सर्व्हर, बदलले, साइटचा पत्ता सांगणारं ए रेकॉर्ड लिहिलं आणि मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणारं एमएक्स रेकॉर्ड विसरलो. एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर वेबसाइटच्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. त्या दारामागे यांचे मेलबॉक्स नव्हतेच, म्हणून मेल परत फिरत होते. दुरुस्तीला चार मिनिटं लागली. ऑर्डर गेली ती गेलीच.

तेव्हा माझ्या उडेमीच्या खात्यात सतरा कोर्स पडून होते. त्यातल्या एखाद्यात डीएनएसचा, म्हणजे डोमेनच्या या पत्त्यांच्या वहीचा, धडा असेलही, पण मी तो पुढे ढकलून ॲनिमेशनच्या धड्यावर गेलो असणार. नोकरीत असतो तर शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी ओरडलं असतं, "एमएक्स घेतलास का रे?" घरून काम करणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर धुतलेले कपडे असतात. त्यामुळे एकट्याने आधी काय शिकायचं याचा क्रम नोकरदारापेक्षा वेगळा लागतो. रात्री अकरा वाजता जे बिघडलं की कुणालाच विचारता येत नाही, ते आधी.

कोर्सची साठेबाजी

सेल लागला की कोर्स घ्यायचा, ही सवय तुरीची डाळ भरून ठेवण्यासारखी आहे. फरक इतकाच की डाळ निदान शिजते. उडेमीवर बहुतेक कोर्सचे पैसे ३० दिवसांत परत मागता येतात. म्हणून घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात मधला एखादा अवघड धडा उघडून बघावा. पहिला धडा सगळ्यांचाच चांगला असतो.

दुसरी तपासणी तारखेची. नवशिक्यांकडून मला सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: "सर सांगतात तसंच टाइप केलं, तरी एरर येतोय." कोर्स जुना आणि तुमच्या लॅपटॉपवरचं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) नवं, एवढंच कारण बहुतेक वेळा असतं. रिॲक्ट या वेबपानं बांधायच्या लायब्ररीचे कित्येक जुने कोर्स नवा प्रोजेक्ट उभारून देणाऱ्या 'क्रिएट रिॲक्ट ॲप'ने सुरुवात करतात. रिॲक्टच्या टीमने ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढलं. अशा वेळी एरर कॉपी करून दहा ठिकाणी फिरण्याआधी कोर्सची आवृत्ती आणि आपली आवृत्ती शेजारी शेजारी लिहून बघा. नोडच्या आवृत्त्या बदलणारं एनव्हीएम वापरून कोर्समधली नोडची जुनी आवृत्ती बसवता येते, किंवा 'क्रिएट रिॲक्ट ॲप'च्या जागी विट (Vite) हे साधन घेऊन नव्याने सुरुवात करता येते. दुसरा मार्ग बरा.

फुकटात चांगलं काय, तर मोझिलाच्या एमडीएन साइटवरचं संदर्भसाहित्य, २०१४ पासून चालू असलेला फ्रीकोडकॅम्प, आणि पाया पक्का करायचा तर आयआयटींचे ऑनलाइन वर्ग म्हणजे एनपीटीईएल. एनपीटीईएलचे व्हिडिओ फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरावी लागते. गिऱ्हाईक प्रमाणपत्र विचारत नाही, हा माझा अनुभव. तो विचारतो, "शेजारच्या दुकानासारखी साइट किती दिवसांत?"

आणि व्हिडिओ दीडपट वेगाने बघत मान डोलावणं म्हणजे शिकणं नव्हे. धडा संपला की खिडकी बंद करायची आणि तेच रिकाम्या फाइलीत करून बघायचं. जिथे हात थांबतो, तेवढाच भाग पुन्हा बघायचा. एआयला विचारतानाही हेच लागू. त्याने दिलेला कोड चालतोय, पण गिऱ्हाइकाने "हे इथे का?" असं विचारलं तर सांगता येत नाही, असा कोड मी तरी लाइव्ह साइटवर टाकत नाही. कधी कधी ते अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (तयार कोडच्या गठ्ठ्याचं) नाव ठोकून देतं. इन्स्टॉल करण्याआधी ते पॅकेज खरंच आहे का, कुणाचं आहे, किती जुनं आहे, एवढं बघून घ्यावं.

डीएनएस आणि मेल

साइट हलवायच्या आधी जुन्या ठिकाणच्या सगळ्या रेकॉर्डची नक्कल काढून ठेवायची. स्क्रीनशॉट चालेल, टेक्स्ट फाइल उत्तम. ए, सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारं), एमएक्स आणि टीएक्सटी (मजकुराचं), सगळी. हलवण्याच्या एक दिवस आधी टीटीएल, म्हणजे बाकीच्यांनी पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० सेकंदांवर आणायचं, म्हणजे काही चुकलं तर जग पाच मिनिटांत नवा पत्ता घेतं. नेमसर्व्हरच बदलत असाल तर मात्र त्यांचं टीटीएल वरच्या, म्हणजे .कॉम किंवा .इन सांभाळणाऱ्या, रजिस्ट्रीच्या हातात असतं, तिथे आपली घाई चालत नाही. म्हणून जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका, आठवडाभर दोन्ही चालू ठेवा.

मेल स्पॅममध्ये जातोय ही तक्रार आली की एसपीएफ बघा, म्हणजे या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच हवं. होस्टिंगवाल्याने एक दिलं, मेलवाल्याने दुसरं दिलं, आपण दोन्ही चिकटवली, की दोन्ही निकामी ठरतात. त्यांचे अंश एकाच ओळीत जोडायचे. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस शोधांची मर्यादा दहा आहे. न्यूजलेटर, बिलिंग, सीआरएम (गिऱ्हाइकांची नोंदवही) असं एकेक जोडत गेलं की ती कधी ओलांडली ते कळतही नाही.

संपर्क फॉर्मची चूक याहून सार्वत्रिक आहे. फॉर्म भरणाऱ्याचा जीमेल पत्ता 'प्रेषक' म्हणून टाकला जातो. म्हणजे आपला सर्व्हर जीमेलच्या नावाने पत्र पाठवतो आणि समोरचा ते खोटं समजून फेकतो. प्रेषक नेहमी आपल्याच डोमेनचा ठेवायचा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये घालायचा, आणि मेल साइटच्या पीएचपी कोडमधून थेट न सोडता एसएमटीपीमार्फत, म्हणजे मेलच्या खात्यात लॉगिन करून, सोडायचा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत जास्त कडक झालेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत मेल नापास झाला तर काय करायचं याची सूचना) तिन्ही लागतात. आपलं गिऱ्हाईक दिवसाला वीस मेल पाठवत असलं तरी तिन्ही लावून द्या.

मराठी साइटचे खास बिघाड

हे कुठल्याच इंग्रजी कोर्समध्ये सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

डेटाबेस हलवल्यावर मराठी मजकूर बिघडला, तर तो कसा बिघडला ते आधी बघा. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि डेटाबेसमध्येही तीच असतील, तर मूळ अक्षरं लिहितानाच गेली. तक्त्याचं कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लॅटिन राहिलं होतं, त्यात देवनागरी मावली नाही. इथे बॅकअपशिवाय उपाय नाही. पण डोक्यावर टोप्या नि ठिपके असलेली युरोपीय अक्षरं दिसत असतील, तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत. आयात करताना जोडणीचं कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ (utf8mb4) ठेवून पुन्हा आयात करा. घाईघाईने हाताने दुरुस्त करून सेव्ह केलंत, तर दुसऱ्या प्रकारचं दुखणं पहिल्या प्रकारात जाऊ शकतं.

तिसरा प्रकार गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून येतो. छापखान्यात श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर वेबवर चिकटवला की निव्वळ गिचमिड दिसते. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीच. कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर डोळ्यांनी वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास एखाद्या ठिकाणी घसरतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर मी हे वाचन टाळलं होतं. 'कार्य' या शब्दाचं जे झालं होतं, ते त्यांच्या वडिलांनी मला फोनवर वाचून दाखवलं.

डिझाइनमधल्या दोन खोड्या. इंग्रजी थीममधलं लेटर स्पेसिंग तसंच राहिलं की शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. देवनागरीला ते शून्य ठेवा. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरचे मात्रे आणि खालचे उकार कापले जातात. मी १.६ च्या खाली जात नाही. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड 'एमआर' (mr) लिहायलाही विसरू नका. मराठी रूपांची सोय असलेल्या फाँटमध्ये त्याने 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. गिऱ्हाइकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. फुकट फाँटांत मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा मजकुरासाठी माझा पहिला पर्याय.

आणि पीडीएफ. मराठी बिल बनवायला डॉमपीडीएफ ही पीएचपीची लायब्ररी घेतली की 'कि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फाँट बदलून, कॅश साफ करून, रात्र घालवून काही होत नाही, कारण त्या लायब्ररीला अक्षरं जुळवताच येत नाहीत. एमपीडीएफ ही दुसरी लायब्ररी घ्या आणि तिच्यातली अक्षरं जुळवणारी ओपनटाइपची सोय चालू करा. मी हे तीन रात्रींनंतर शिकलो.

गिट म्हणजे झिप फाइल नव्हे

'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशा झिप ज्याच्या डेस्कटॉपवर नाहीत त्याने पुढचा परिच्छेद सोडावा.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, शिकताना लोक ॲड, कमिट (बदल इतिहासात नोंदवणं), पुश (तो सर्व्हरवर पाठवणं) शिकतात आणि थांबतात. एकट्याला खरी गरज परतीच्या वाटेची असते. हार्ड रिसेट (फाइली जुन्या कमिटवर सक्तीने नेणं) मारून काम उडालं, तर आधी गिट रिफ्लॉग, म्हणजे आपण कुठल्या कुठल्या कमिटवर होतो त्याची यादी, चालवा. कमिट केलेलं असेल तर ते साधारण महिनाभर तरी तिथे सापडतं. कमिट केलेलंच नसेल तर मात्र गेलं, म्हणून दिवसातून चार-पाच छोटे कमिट करायची सवय बरी. सर्व्हरवर गेलेलं काम मागे घ्यायचं तर रिसेटऐवजी रिव्हर्ट, म्हणजे जुना बदल उलटवणारा नवा कमिट, वापरा.

पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची) गुप्त किल्ली चुकून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, गेली, तर फाइल पुसून नवा कमिट करणं पुरत नाही. ती जुन्या कमिटमध्ये तशीच असते. पहिलं काम म्हणजे गेटवेच्या पॅनेलमध्ये जाऊन किल्ली रद्द करणं आणि नवी घेणं. इतिहास साफ करणं त्यानंतर, चहा पिऊन.

वर्डप्रेसचा पांढरा पडदा

वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर चालणारी साइट पांढरी पडली की पाच प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) एकदम अपडेट करणारे लोक मी पाहिलेत. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस घातक एरर आला की ॲडमिनच्या पत्त्यावर रिकव्हरीची लिंक पाठवतं. तो पत्ता बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी असतो, तेव्हा आजच तपासा. लिंक नाही मिळाली तर एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली हाताळायच्या सोयीने) आत जाऊन प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. सगळे प्लगइन एकदम बंद होतात. साइट उठली तर ॲडमिनमधलं प्लगइनचं पान एकदा उघडा, मग नाव पूर्ववत करून एकेक चालू करत जा. डीबग लॉग (एररची नोंद) फाइलीत लिहायला लावा, पडद्यावर दाखवू नका, कारण सर्व्हरवरच्या फाइलींचे पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतात. फुकटात मिळणारी 'नल्ड' (परवान्याचं कुलूप तोडून वाटलेली) थीम घेऊ नका. तिच्यात मागचं दार ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी असते, आणि पुढचं सगळं निस्तरायला तुम्हीच.

शंभर गुणांचा हट्ट

लाइटहाउस या क्रोममधल्या साइट तपासणीचा आकडा हिरवा करण्यात आठवडा घालवू नका. ब्राउझरमधले एक्स्टेंशन तो आकडा खाली ओढतात, म्हणून इनकॉग्निटो खिडकीत तपासा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेगतपासणीत वरचा भाग खऱ्या लोकांच्या मागच्या २८ दिवसांचा असतो, त्यामुळे आज केलेली सुधारणा तिथे आज दिसत नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा, एवढं लक्षात ठेवा. तो उशिरा येण्याचं एक मासलेवाईक कारण म्हणजे सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोलाच लेझी लोडिंग (स्क्रोल करत जवळ आल्यावरच फोटो आणणं) लावलेलं असतं. ते काढून टाकलं की काम होतं.

वर्गण्या आणि मुदती

परदेशी सॉफ्टवेअर अचानक बंद पडलं तर आधी कार्ड बघा. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासून रीतसर मॅन्डेट (बँकेला दिलेली आगाऊ संमती) नसलेली आपोआप कपात अडते. त्यातून बॅकअपची सेवा थांबली आणि आपल्याला दोन महिन्यांनी कळलं, असं होऊ शकतं. डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्यायचं. आपल्या नावावर ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे आहेत, त्यांच्याशी भांडण्यात माझा एक पावसाळा गेलाय.

मुदतीच्या तारखा मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहितो, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी. परवा आईने विचारलं, "हे सूतवाले सव्वीस तारखेला जेवायला येणारेत का?"