सामायिक डेटाबेसमधली बारीकसारीक दुरुस्ती: कधी करावी, कशी करावी

ओपनस्ट्रीटमॅप (नकाशा), विकिडेटा (विकिपीडियाच्या परिवारातला माहितीसाठा), म्युझिकब्रेन्झ (संगीताच्या नोंदी), ओपन लायब्ररी (पुस्तकांच्या नोंदी) अशा, सगळ्यांनी मिळून भरलेल्या डेटाबेसमध्ये थोडं फिरलं की डोळ्याला खुपणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात. नावाच्या शेवटी जादा स्पेस, स्वल्पविरामाआधी सुटलेली जागा, तीन तऱ्हांनी लिहिलेल्या तारखा. हात शिवशिवतात. तेवढ्यात कुणी जुना सदस्य विचारतो, 'असल्या फुटकळ बदलांनी नोंदीतल्या बदलांचा इतिहास कशाला भरायचा?'

माझं मत असं, की दुरुस्ती किती अक्षरांची आहे हे बघूच नये. तिच्यामुळे शोधणाऱ्याला, वाचणाऱ्याला किंवा तो डेटा वापरणाऱ्या प्रोग्रॅमला काही वेगळं मिळतं का, एवढंच बघावं. मिळत असेल तर एका चिन्हासाठीही बदल जतन करावा.

१. फरक नुसता दिसण्यात आहे की डेटात, ते तपासा

'दुःख' हा शब्द घ्या. विसर्ग पटकन सापडला नाही की अनेक जण अपूर्णविराम टाकून 'दु:ख' लिहितात. पडद्यावर फरक जेमतेम कळतो. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी चिन्हं आहेत. एक अक्षराचा भाग, दुसरं विरामचिन्ह. 'दुसऱ्या'मधल्या 'ऱ्या'चं तर त्याहून अवघड. तो 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरूनही. दिसायला दोन्ही सारखेच, साठवलेले मात्र वेगळे. शोधयंत्रणेने ही भिन्न रूपं जुळवून घेतली नाहीत, तर असलेली नोंद सापडत नाही. मग कुणीतरी नवी करतो. एका नोंदीवर मुखपृष्ठ चढतं, दुसरीवर आवृत्त्या, आणि पुढे कुणाला तरी बसून दोन्ही एकत्र कराव्या लागतात. वेळीच एक चिन्ह बदललं असतं तर हे सगळं टळलं असतं.

तपासायची सोपी पद्धत: शीर्षक आधी स्वतः टाइप करून शोधा, मग नोंदीतून कॉपी करून शोधा. निकाल वेगळे आले, तर दुरुस्ती करायलाच हवी.

नकाशावरच्या वेळांचंही तसंच. 'सकाळी ९ ते संध्याकाळी ५' हे माणसाला कळतं. पण ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उघडण्याच्या वेळांसाठी वारांची ठरलेली लघुरूपं आणि २४ तासांचं घड्याळ वापरतात. तसं लिहिलं तरच एखादं अ‍ॅप 'आत्ता उघडं आहे' असं खात्रीने दाखवू शकतं.

उलट, विकिपीडियाच्या मजकुरात दोन शब्दांमध्ये दोन स्पेस असल्या तरी पानावर एकच दिसते. तेवढ्यासाठी वेगळं संपादन करू नये. इंग्रजी विकिपीडियावर ऑटोविकीब्राउझर हे झटपट संपादनाचं साधन वापरणाऱ्यांना तर नियमच आहे, की दिसणाऱ्या पानात काहीच फरक पडत नसेल तर नुसता तेवढाच बदल करायचा नाही. दुसरं काही काम करताना तो उरकून घ्यावा.

२. चूक खरंच चूक आहे का, ते बघा

इथे घाई सगळ्यात महागात पडते. आधी त्या प्रकल्पाचे लेखनाचे नियम वाचा, मग मूळ स्रोत उघडा. बेल हुक्स ही अमेरिकन लेखिका आपलं नाव मुद्दाम सगळ्या लहान रोमन अक्षरांत लिहायची. ते 'सुधारून' पहिलं अक्षर मोठं करणारा माणूस तिचा निर्णयच पुसून टाकतो.

तारखा तर फारच फसव्या. ५/६/१९६० म्हणजे ५ जून की ६ मे? वर्ष-महिना-दिवस या क्रमात ती बसवताना वाटतं की आपण फक्त मांडणी बदलतोय. प्रत्यक्षात आपण एक विधान करत असतो. स्रोत मिळाला नाही, तर नुसतं वर्ष ठेवणं जास्त प्रामाणिक. विकिडेटामध्ये तारीख किती अचूक आहे (वर्षापर्यंत, महिन्यापर्यंत की दिवसापर्यंत) हेही नोंदवता येतं, ती सोय वापरा.

३. एका नोंदीची कामं एकदम करा

प्रत्येक बदलामागे दुसऱ्या कुणाचा तरी वेळ जातो. म्युझिकब्रेन्झवर अनेक प्रकारचे बदल ७ दिवस मतदानासाठी खुले राहतात. विकीवर पानावर लक्ष ठेवणाऱ्यांच्या यादीत प्रत्येक बदल उमटतो. म्हणून स्पेस काढायला गेलाच आहात, तर राहिलेलं वर्ष आणि तुटलेला दुवाही बघून घ्या.

मात्र लांब लांबच्या नोंदी एकत्र बांधू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर एका बदलसंचात (एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) दोन टोकांच्या शहरांतले बदल टाकले, की ते सगळे बदल सामावणारी त्याची नकाशावरची चौकट मधल्या सगळ्या मुलखावर पसरते. आपापल्या भागावर लक्ष ठेवणाऱ्या लोकांना विनाकारण तो तपासावा लागतो.

४. बदलाचं कारण लिहा

'किरकोळ दुरुस्ती' यातून कुणालाच काही कळत नाही. 'विसर्गाऐवजी अपूर्णविराम होता, शोधात नोंद येत नव्हती' हे एक वाक्य पुरतं. विकिपीडियावर 'छोटा बदल' ही खूण कुणीच आक्षेप घेणार नाही अशाच बदलांना करा. तारीख त्यात बसत नाही, भले एकच आकडा बदललेला असो.

५. तीच चूक शेकडो ठिकाणी असेल तर आधी विचारा

ओपनस्ट्रीटमॅपच्या एका बदलसंचात १०,००० घटकांचे (नकाशावरचे बिंदू, रेषा वगैरे) बदल मावतात. ही तांत्रिक मर्यादा आहे, परवानगी नव्हे. घाऊक शोधा-आणि-बदला करण्याआधी तिथे चर्चा करावी लागते. विकिडेटावर बॉट (आपोआप बदल करणारा प्रोग्रॅम) चालवायला मंजुरी लागते. त्याहून चांगलं म्हणजे चूक शिरते तिथेच अडवणं. विकिडेटामध्ये एखाद्या गुणधर्माला (जन्मतारखेसारख्या माहितीच्या रकान्याला) मांडणीची अट जोडता येते, मग न बसणाऱ्या नोंदी आपोआप दाखवल्या जातात. शंभर नोंदी हाताने सुधारण्यापेक्षा अशी एक अट सुचवणं मला केव्हाही मोलाचं वाटतं.

नवख्यांबाबत मात्र माझा हात सैल आहे. शुद्धलेखनाची एक चूक सुधारताना माणूस जतन करणं, कारण लिहिणं, इतरांचं उत्तर वाचणं हे सगळं फारसा धोका न पत्करता शिकतो. त्याला पहिल्याच दिवशी 'फुटकळ' म्हणून हाकलू नका. शेजारची अपुरी नोंद दाखवा.

आणि तुमचा बदल कुणी उलटवला, तर तो लगेच पुन्हा करू नका. चर्चापानावर जा, कोणता शोध फसत होता ते नेमकं लिहा आणि उत्तराची वाट बघा.